सासऱ्यांची वेताची आरामखुर्ची: स्वतः विणू, कारागिराला देऊ की भंगारात?

वसुधा_मुलुंड · ६ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे वाचायला रोज येते, धागा काढायची ही पहिलीच वेळ.

आमच्याकडे सासऱ्यांची आरामखुर्ची आहे. सागवानी, लांब हातांची, बसायला आणि पाठीला वेताची जाळी. १९५८ साली लालबागच्या चाळीत आली, यांच्या जन्माच्या वर्षी. सासरे गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणाई खात्यात होते, साच्यावर (मागावर). दिवाळीच्या बोनसमधून घेतलेली ही घरातली पहिली मोठी वस्तू, असं सासूबाई सांगायच्या. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. दिवसा खुर्ची गॅलरीत, रात्री ती आत घेतल्याशिवाय गाद्या घालायच्या नाहीत, असा नियमच होता.

चाळ पाडली तेव्हा आम्ही मुलुंडला आलो, खुर्चीही टेम्पोतून आली. चार वर्षं बाल्कनीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभी होती. काल उघडली. बैठकीची जाळी मधोमध फाटली आहे, माझा हात आरपार जातो. मागचा डावा पाय सांध्यात हलतो. लाकूड मात्र ठणठणीत, नखाने दाबलं तर खूण पडत नाही.

मी ६३ वर्षांची, बँकेतून निवृत्त. क्रोशाचं काम शाळेपासून करते, त्यामुळे जाळी दिसली की हात शिवशिवतात. यांना विचारलं तर म्हणाले, "देऊन टाक भंगारात." आणि पुढे बोलणंच बंद केलं. नळाचा जुना वायसरसुद्धा डब्यात जपून ठेवणारा माणूस हा. मुलगा-सून ऐरोलीला असतात, ते म्हणतात नवी रिक्लायनर घेऊन देतो. एका कारागिराने फोनवरच साडेसहा हजार सांगितले.

कुणी घरी वेत विणला आहे का? या वयात, वन बीएचकेमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर हे काम काढावं का?

---

मनीषा_दादर · ६ जून, रात्री ९:५२

फोटो टाका ना ताई! खालच्या बाजूचाही.

---

नितीन_बोरिवली · ६ जून, रात्री १०:२०

वसुधाताई, राग मानू नका, पण मी वेगळं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आईबाबा आठ महिन्यांच्या अंतराने गेले. घर रिकामं करायला मला आणि बहिणीला सतरा शनिवार-रविवार लागले. तांब्याचे बंब दोन, पाट अकरा, एक फळीचा देव्हारा, बाबांनी 'नीट करीन' म्हणून ठेवलेले चार पंखे. प्रत्येक वस्तूपाशी बहीण रडायची आणि मी घड्याळ बघायचो. शेवटी एका बंबावरून आमचं भांडण झालं, ते आजही पूर्ण मिटलेलं नाही. बंब माझ्या माळ्यावर आहे. बहिणीला तो हवा होता आणि मला नको होता, तरी मीच घेतला. का घेतला, याचं उत्तर आजही देता येत नाही.

तुमच्या मुलाला खुर्ची हवी आहे का, हे आज विचारा. नको असेल तर तुम्ही आहात तोवर तिचं काय ते करा. मागच्यांवर टाकू नका.

---

सुतारकाका_परळ · ७ जून, सकाळी ६:१५

मी सुतार. ४१ वर्षं रंधा मारला, आता गुडघ्यांमुळे बंद. ताई, लाकूड नखाला दाद देत नाही म्हणता ना, मग खुर्ची जिवंत आहे. भंगारवाला तिचे लाकडाच्या वजनाचे पैसे देईल, किंमत कुणी देणार नाही.

क्रम नीट ठेवा. आधी सांधा, मग वेत, शेवटी पॉलिश.

सांधा: तो पाय फेव्हिकॉल ओतून दाबू नका. १९५८ ची खुर्ची म्हणजे आत सरस, जनावरांच्या कातड्या-हाडांचा जुना डिंक, असणार. जुन्या सरसावर नवा डिंक धरत नाही. सरस गरम पाण्याने सुटतो. फडकं कढत पाण्यात पिळून सांध्याला गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग लाकडी हातोडीने हळू ठोकून पाय बाहेर काढा. लाकडी खुंटी मारलेली असेल तर ती आधी काढायची. आतला पिवळा थर पटाशीने खरवडून लाकूड उघडं करा, दोन दिवस वाळू द्या, आणि मग फेव्हिकॉल लावून दोरीने आवळून चोवीस तास ठेवा. लोखंडी खिळा मारायचा मोह कितीही झाला तरी मारू नका. पुढच्या सुताराच्या करवतीचे दात जातात आणि खिळा गंजला की लाकूड काळं पडतं.

वेत: हे काम पावसाळ्यात करायला हरकत नाही. दमट हवेत वेत मऊ राहतो, हाताला वळतो.

पॉलिश: दसऱ्यानंतर. पावसाळ्यात लाखेचं स्पिरिट पॉलिश मारलंत तर दुधासारखं पांढरं पडेल. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यात उतरतं. सगळं पुन्हा उतरवावं लागतं. मी हे ऐन जुलैत एका गिऱ्हाइकाच्या घाईपायी केलंय, अख्खा डायनिंग टेबल फुकट घासून दिला.

---

केदार_चेंबूर · ७ जून, सकाळी ८:०२

एकच सांगतो. विणायच्या आधी ढेकूण तपासा. आमचे गणिताचे सर वर्गात वेताच्या खुर्चीवर पाच मिनिटांच्या वर बसायचे नाहीत, तास उभ्याने घ्यायचे. आम्ही म्हणायचो, काय शिस्तीचा माणूस आहे! शाळेने खुर्च्या बदलल्या त्या आठवड्यापासून सर बसून शिकवू लागले. :)

---

वसुधा_मुलुंड · ७ जून, सकाळी ११:३०

फोटो टाकले आहेत. केदार, टॉर्च घेऊन प्रत्येक भोक बघितलं, ढेकूण नाहीत. चाळीत असताना सासूबाई दर मे महिन्यात खुर्ची गच्चीत नेऊन दुपारभर तापवायच्या, ते कशासाठी हे आता लक्षात आलं.

नितीन, राग कसला? तुमचं वाचून सकाळी मुलाला फोन केला. तो खूप वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आई, मला खुर्ची नको. पण तू ती टाकलीस असं मला सांगू नकोस." याचा अर्थ काय लावायचा?

सुतारकाका, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला.

---

नितीन_बोरिवली · ७ जून, दुपारी १:१०

याचा अर्थ हवी आहे. मीही बाबांना असंच सांगितलं असतं.

---

सिस्टर_नायगाव · ७ जून, दुपारी ३:४५

मी निवृत्त परिचारिका, फुप्फुसांच्या वॉर्डात बारा वर्षं काढली आहेत. घासायला बसाल तेव्हा एन-९५ मास्क लावायचाच, नाकाला साडीचा पदर लावून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात घातली आहे, तंबाखूचा धूर ज्या गटात आहे त्याच गटात. एका खुर्चीने काही होत नाही, पण घरात दमेकरी असेल तर दोन मिनिटांची धूळही त्रास देते. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.

दुसरं म्हणजे जमिनीवर मांडी घालून विणायला बसू नका. खुर्ची टेबलावर चढवा आणि तुम्ही स्टुलावर बसा, काम कोपराच्या उंचीला आलं पाहिजे. तीस मिनिटं झाली की उठायचं. आमच्याकडे मान धरून येणाऱ्या बायकांत शिवण-विणकाम करणाऱ्या भरपूर असायच्या.

---

प्रभाकर_पार्ले · ७ जून, सायंकाळी ७:२०

वेत विणण्याबद्दल लिहितो, कारण मी ते वर्षानुवर्षं बघितलं आहे.

फोर्टमध्ये आमच्या सरकारी कचेरीत सगळ्या खुर्च्या वेताच्या होत्या. त्या विणायला अंध कारागीर यायचे. सरकारी कचेऱ्यांत हे काम अंधांना द्यायची पद्धतच होती. आमच्याकडे येणारे गृहस्थ व्हरांड्यात बसायचे, बाजूला पाण्याची बादली, बादलीत वेताच्या पट्ट्या. डाव्या हाताच्या तर्जनीने भोकं मोजत जायचे आणि उजव्या हाताने पट्टी ओढायचे. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याशेजारी डबा खायचो. त्यांनीच मला फेऱ्या समजावल्या.

पहिली फेरी उभी, मागून पुढे. दुसरी आडवी, पहिलीच्या वर नुसती ठेवायची, विणायची नाही. तिसरी पुन्हा उभी, पहिलीच्याच भोकांतून, थोडी बाजूला सरकवून. चौथी आडवी, आणि इथे विणकाम सुरू होतं: एक खाली, एक वर. पाचवी आणि सहावी तिरपी, एकमेकींच्या उलट दिशेने. मग कडेची भोकं झाकायला रुंद पट्टी. सहाव्या फेरीनंतर मधलं छिद्र अष्टकोनी दिसायला लागतं, तेव्हा समजायचं की जमलं.

पट्टीची चकचकीत बाजू कायम वर. ती वेताची साल असते, पाणी धरत नाही, म्हणून टिकते. दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. अर्धा इंच असेल तर अडीच मिलिमीटरच्या आसपासची पट्टी घ्या. पट्टी पंधरा-वीस मिनिटंच भिजवायची, जास्त भिजली की रंग काळवंडतो. ओली असताना फार आवळू नका. वाळताना वेत आखडतो आणि स्वतःच ताणला जातो.

ते गृहस्थ विणून झालं की जाळीवर टिचकी मारायचे. ओली असताना डफासारखा बद्द आवाज, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर टणक. तो टणक आवाज ऐकूनच ते मजुरी घ्यायचे.

पत्नी गेल्यापासून संध्याकाळ मोठी वाटते. तुमच्या धाग्यामुळे आज ती लवकर गेली. पुढे काय झालं ते लिहीत राहा.

---

मनीषा_दादर · ७ जून, सायंकाळी ७:४१

प्रभाकरकाका, हा प्रतिसाद मी जपून ठेवलाय. वाचनखूण.

---

तबकडी७८ · ७ जून, रात्री १०:०५

सुतारकाकांनी लाखेचं नाव काढलं, म्हणून थोडं विषयांतर करतो.

खुर्चीला लावायची लाख आणि जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीतली लाख एकच. लाख आणि दगडाची बारीक पूड मिळून ती तबकडी व्हायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात, म्हणून त्या काळातली गाणी तेवढीच. माझ्याकडे ३१० तबकड्या आहेत. निवृत्तीनंतर रोज एक पुसतो, एक ऐकतो, एकीची नोंद करतो.

हे सांगायचं कारण: बऱ्याच घरांत आजोबांच्या तबकड्या असतात आणि कुणीतरी हौसेने त्या स्पिरिटने पुसतं. तसं करू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, आवाजाच्या चरा कायमच्या जातात. माझ्या मामेभावाने नाट्यसंगीताच्या सहा तबकड्या एका दुपारी अशा घालवल्या. पाण्यात दोन थेंब भांडी धुवायचा साबण, मऊ कापड, मधलं लेबल कोरडं ठेवून, चरांच्या दिशेने गोल पुसायचं. बस्स.

---

केदार_चेंबूर · ७ जून, रात्री १०:३०

खुर्चीवरून तबकडीवर! आता कुणीतरी तबकडी वाजवा, सुतारकाका खुर्ची ठोकतील, आपण सगळे ऐकायला येतो.

---

वरळीकर_सुजाता · ८ जून, दुपारी १२:१५

जागेचा प्रश्न सगळेच काढतात, म्हणून आमचं सांगते. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांची खोली, तीन पिढ्या तिथेच झाल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या इमारतीच्या चाव्या मिळाल्या, ५०० चौरस फूट. आईला वाटलं, आता सगळं मावेल. आणि झालं उलटंच. नव्या घरात जुनी वस्तू ठेवली की ती एकदम म्हातारी दिसते. आईचा पत्र्याचा ट्रंक चाळीत कधी डोळ्यांत आला नाही. नव्या पांढऱ्या टाइल्सवर तोच ट्रंक ठेवल्यावर वहिनी म्हणाली, हा इथे शोभत नाही.

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो ट्रंक ओढत दाराशी नेला आणि त्यावर बसून चपला घालायला लागली. आता घरातले सगळेच त्यावर बसून चपला घालतात. पाहुणेसुद्धा. वहिनीने परवा त्यावर टाकायला गादी शिवली.

वसुधाताई, खुर्ची रोज वापरात येईल अशा जागी ठेवा, बाल्कनीत किंवा शोभेला नको.

---

सुतारकाका_परळ · ८ जून, रात्री ८:५०

सुजाताताई लाखमोलाचं बोलल्या.

वसुधाताई, हत्यारं आणायला नागदेवी स्ट्रीटला जा, मशीद स्टेशनवरून चालत. मशीदला फास्ट थांबत नाही, स्लोच धरा. रविवारी जाऊ नका. दोन पटाश्या, एक लाकडी हातोडी, पॉलिशपेपर ८०, १२० आणि २२० नंबरचे. घासायचं ते लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवं कधीच नाही. पितळी स्क्रू गेलेला असेल तर चोरबाजारात मटण स्ट्रीटला जुना मिळतो, नव्याचा माथा वेगळा असतो.

आणखी एक. खुर्चीच्या हातांना जवसाचं तेल लावायचा कुणी सल्ला दिला तर लावा, चांगलं असतं. पण तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेटतात. मी एका कारखान्यात रात्री पेटलेलं पोतं बघितलंय. फडकं उघडं दोरीवर वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

---

अश्विनी_कांदिवली · ९ जून, सकाळी १०:१०

खरं सांगू का? मला नाही पटत. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या, अशाच उत्साहात जुनं शिवणयंत्र उघडून बसल्या, स्टुलावरून तोल गेला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या काळात घर, दोन मुलं, माझी नोकरी आणि त्यांचं सगळं मी केलं. 'छंद' म्हणताना तो घरातल्या कुणाच्या जिवावर चालणार, हेही धरा. साडेसहा हजारांत माणूस करून देत असेल तर द्यावं, असं माझं मत.

---

सिस्टर_नायगाव · ९ जून, सकाळी ११:००

अश्विनी, तुझं म्हणणं योग्य आहे आणि तुझ्यावर पडलेलं ओझंही खरं आहे. म्हणूनच स्टूल तीन पायांचं किंवा चाकांचं नको, चार पायांचं, खाली रबर असलेलं हवं. आणि जड वस्तू टेबलावर चढवायला दुसरा माणूस हवाच. सासूबाईंचं मनगट आता कसं आहे?

---

अश्विनी_कांदिवली · ९ जून, सकाळी ११:२५

बरं आहे. यंत्रही सुरू झालंय. चामड्याचा पट्टा सैल होता एवढंच. मुलीच्या गॅदरिंगचा परकर त्यावरच शिवला त्यांनी.

---

वसुधा_मुलुंड · २८ जून, रात्री ११:१५

तीन आठवड्यांनी लिहितेय.

सांधा झाला. कढत फडक्याने सरस खरंच सुटला, खोलीभर ओल्या चामड्यासारखा वास आला. खुंटी बांबूची निघाली. पाय दोरीने आवळून ठेवला होता, आता हलत नाही.

मग जुनी जाळी कापायला घेतली. कात्रीने मधला भाग मोकळा केला, कडेची भोकं साफ करायला खुर्ची उलटी केली. बैठकीच्या खालच्या बाजूला, मागच्या कडेला, दोन पट्ट्या जोडलेल्या दिसल्या. टोक शेजारच्या फासात अडकवून सोडलेलं नव्हतं. गाठ मारलेली होती. बारीक, चपटी, कापसाच्या बीएवढी, कुठे फुगवटा नाही. एक नाही, मोजल्या तर चौदा निघाल्या. मला क्रोशातली कुठलीच गाठ तशी आठवेना, म्हणून यांना हाक मारली.

हे आले, चष्मा वर केला, अंगठा त्या गाठीवरून फिरवला आणि तिथेच खाली बसले. म्हणाले, "ही साच्यावरची गाठ. बाबांची."

साच्यावर धागा तुटला की विणकर तो जोडतात त्या गाठीने. कापडात गाठ उठून दिसली तर दंड व्हायचा, म्हणून ती इतकी लहान. सासरे ती एका हाताने, साचा चालू असताना मारायचे, असं यांनी सांगितलं.

मग पुढचं सांगितलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं होतील, हे मी पहिल्यांदा ऐकलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांचा. अडीच लाख कामगार घरी बसले. हे तेव्हा चोवीस वर्षांचे, बंदरात नुकते कारकून लागलेले. घरात येणारा तेवढाच पगार. सासरे दिवसभर या खुर्चीत गॅलरीत बसायचे. सकाळी हे डबा घेऊन निघाले की सासरे उठून आत जायचे आणि हे जिना उतरून दिसेनासे झाले की पुन्हा येऊन बसायचे. रोज. मुलगा कामावर जातोय आणि बाप खुर्चीत बसलाय, हे त्यांना मुलाला दिसू द्यायचं नव्हतं. हे म्हणाले, "मला माहीत होतं. मी नाक्यावरून वळून बघायचो. मी कधी म्हटलं नाही की बसा हो बाबा."

त्या पावसाळ्यात सासऱ्यांनी खुर्चीची जाळी स्वतः उसवली आणि स्वतः विणली. नवीन वेताला पैसे नव्हते, तुकडे गोळा करून जोडले. म्हणून चौदा गाठी. संध्याकाळी हे कामावरून आले की बापाने हाक मारायची, "टोक धर." बस्स एवढंच बोलणं. आठ-दहा दिवस चाललं होतं ते.

म्हणून "देऊन टाक भंगारात".

जुनी जाळी टाकलेली नाही. वेत उद्या येतोय.

---

प्रभाकर_पार्ले · २९ जून, पहाटे ५:३०

रात्रीच वाचलं. उत्तर लिहायला आता बसलो. वसुधाताई, त्या चौदा गाठींचा जवळून एक फोटो काढून ठेवा, बाजूला फूटपट्टी ठेवून. अशी गाठ मारणारे हात आता थोडेच उरलेत.

---

सुतारकाका_परळ · २९ जून, सकाळी ६:४०

माझा मोठा भाऊ त्याच संपात गावी गेला, तो परत आलाच नाही. संप कधी मागे घेतलाच नाही कुणी, नुसता विरत गेला.

साहेबांना माझा नमस्कार सांगा.

---

नितीन_बोरिवली · २९ जून, रात्री ९:००

आज बहिणीला फोन केला. रविवारी बंब घेऊन डोंबिवलीला जातोय.

---

मनीषा_दादर · १९ जुलै, सायंकाळी ६:०५

वसुधाताई, कुठवर आलं? आम्ही सगळे वाट बघतोय. धागा वर आणतेय.

---

वसुधा_मुलुंड · १९ जुलै, रात्री १०:४०

चार फेऱ्या झाल्या. रोज सकाळी साडेदहा ते साडेबारा, मध्ये दोनदा उठून. सिस्टर, स्टूल चार पायांचंच घेतलंय आणि खुर्ची टेबलावर चढवायला हे आणि वॉचमन होते. समोरच्या फ्लॅटमधली नववीतली मुलगी शनिवारी येऊन बसते, पट्ट्या भिजवून देते, पंधरा मिनिटांचा गजर तीच लावते. भोकांत पट्टी धरून ठेवायला लाकडी खुंट्या लागतात, त्या यांनी जुन्या चॉपस्टिक्स तासून केल्या, छत्तीस. वायसरच्या डब्यात ठेवतात.

पावसामुळे दोन दिवसांत पट्ट्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके आले होते. व्हिनेगरच्या पाण्याने पुसून पंखा रात्रभर चालू ठेवला, गेले.

आता अडचण. आज पाचवी, तिरपी फेरी सुरू केली तर एका ठिकाणी पट्टी अडतेय, सरकतच नाही, कडा खरचटतात. मागे जाऊन बघितलं. चौथ्या फेरीत, अकराव्या ओळीत, मी एका ठिकाणी दोन उभ्या पट्ट्या एकदम वर घेतल्यात. त्यानंतर नऊ ओळी पूर्ण आहेत. वरून बघितलं तर कुणाला कळणारही नाही. उसवू की तशीच पुढे नेऊ?

---

केदार_चेंबूर · १९ जुलै, रात्री १०:५५

ताई, नऊ ओळी! राहू द्या. आम्ही कुणाला सांगणार नाही.

---

प्रभाकर_पार्ले · १९ जुलै, रात्री ११:१०

उसवा. तिरपी पट्टी जिथे घासते तिथेच ती दोन वर्षांत तुटते, आणि एक तुटली की शेजारच्या चारांवर भार येतो. व्हरांड्यातले ते गृहस्थ बोटाने चूक शोधायचे आणि कितीही ओळी गेल्या असल्या तरी मागे जायचे. काढलेली पट्टी टाकू नका, पुन्हा भिजवली की चालते.

---

सुतारकाका_परळ · २० जुलै, सकाळी ६:०५

उसवा ताई. पॉलिशला अजून तीन महिने आहेत, घाई कसली.

---

वसुधा_मुलुंड · २० जुलै, दुपारी १२:२०

उसवतोय. सहा ओळी निघाल्या, तीन राहिल्या. हे समोर बसलेत, टोक धरून.